चंदनाची रेघ

दूधबाजारात लियाकतभाईंचं अत्तराचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. पण नाव मोठं. लग्नाचा हिना न्यायला लोक पार मालेगावहून येत, आणि पंचवटीतले दोन म्हातारे पुजारी देवासाठी चंदनाचं तेल घ्यायला पूल ओलांडून इथंच येत. बाकीच्या ठिकाणच्या तेलाला रंग असतो, जीव नसतो, असं त्यांचं म्हणणं. लियाकतभाईंच्या नाकाची तर गावभर वाहवा. शीशीचं बूच निघालं न निघालं तोच ते सांगत, "यात केवडा तेवढा खरा, बाकी सगळी बनवाबनवी."

हे सगळं खरं होतं, पण करोनाच्या दुसऱ्या लाटेपर्यंत.

त्या लाटेत त्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास सोबत घेऊन गेला. गल्लीत इतरांचाही गेला होता. महिन्या-दोन महिन्यांत ज्याचा त्याचा परत आला. लियाकतभाईंचा आला नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग त्यांनी वाट बघणं सोडलं. गुलाब, खस, मोगरा, सगळ्या शीश्या त्यांना आता नळाच्या पाण्यासारख्या. आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. बायकोला नाही आणि मुलीला तर नाहीच. अत्तरवाल्याला वास येत नाही हे बाजारात फुटलं, तर त्याच्याकडून शीशी कोण घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी ती घट्ट आवळून धरली होती.

धंदा चालायचा तो शीशीवरच्या नावांवर, सवयीवर आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर. मनगटाला थेंब लावायचा आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. डोळे मिटले की हा हिनाचा माणूस. भुवई चढली की दुसरी शीशी काढायची. नवी मिसळण मात्र त्यांनी बंद केली होती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "आता वय झालं, जुनंच पुरे." त्यात माजिदाबींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अलीकडे दुकानात येऊन बसायची टूम काढलेली. "घरी बसून माझे गुडघे धरतात," असं त्यांचं कारण. दुकानात मांडी घातल्यावर गुडघे कसे सुटतात हे लियाकतभाईंना उमगत नव्हतं. पण बायकोशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

मेहविश ही त्यांची एकुलती एक मुलगी. फिजिक्स शिकली, गुजरातेत एका प्रयोगशाळेत राहून आली आणि आता अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागली होती. कारखाना लहान, काम अजब. मेदूवड्याच्या आकाराचं, माणसाच्या उंचीचं, आतून पोकळ असं पोलादाचं एक भांडं तिथं तयार होत होतं.

"त्यात काय ठेवणार?" लियाकतभाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सूर्य," मेहविश म्हणाली.

"अख्खा?"

"नाही अब्बा, चिमूटभर."

मग जेवता जेवता तिनं समजावून सांगितलं. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळतात आणि त्यातून हे सगळं ऊन येतं. अणू फोडायचा नाही, जोडायचा. तेच इथं जमिनीवर करायचं. इंधनाचा मोठा भाग समुद्राच्या पाण्यातून मिळेल. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही, आणि हजारो वर्षं राखत बसावा लागेल असा कचरा नाही.

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

"सगळीकडेच," असं म्हणून ती हसली. "ती आग दहा कोटी अंशांवर न्यावी लागते. खुद्द सूर्याच्या पोटातही इतकं तापत नाही. अशी वस्तू कशात ठेवणार? जे भांडं घ्याल ते वितळेल. म्हणून तिला चुंबकांनी अधांतरी धरायचं, भिंतीला शिवू द्यायचं नाही. आणि ती काही गुणी बाळ नाही, क्षणाक्षणाला निसटते. शिवाय तिला तापवायला आणि धरून ठेवायला जेवढी वीज जाते तेवढी अजून परत येत नाही. त्यात आतल्या भिंतींना जो मार बसतो तो कुठला धातू वर्षानुवर्षं सोसेल, तेही नीट ठरलेलं नाही. आमचं काम त्या मानानं साधं. भांडं स्वच्छ ठेवायचं. आतली हवा उपसून टाकायची आणि बोटाचा ठसासुद्धा राहू द्यायचा नाही. बारीकसा मळ आत राहिला तरी तो आगीत मिसळतो, आणि ती थंड पडते."

"आणि ही तुझी चूल पेटणार कधी?" माजिदाबींनी विचारलं.

"तीस वर्षं लागतील म्हणतात." मग जरा थांबून, ओशाळून, "दिशा मॅडम कॉलेजात होत्या तेव्हाही तीसच म्हणायचे." दिशा मॅडम म्हणजे कारखान्याच्या मुख्य इंजिनिअर, केसांत पांढरं आलेली बाई.

"शिंप्याचा वायदा!" माजिदाबी म्हणाल्या आणि पोळी वाढायला लागल्या.

लियाकतभाई मात्र हसले नाहीत. "चंदनाचं तसंच आहे," ते म्हणाले. "झाडाच्या गाभ्यात तेल धरायला तीस वर्षं जातात. लावणारा एक, कापणारा दुसरा. माझ्या अब्बांनी जे तेल विकलं ते कोणाच्या तरी आज्यानं लावलेल्या झाडाचं. त्या आज्याला बिचाऱ्याला थेंब तरी मिळाला असेल का? पण लावलं त्यानं." मेहविश त्यांच्याकडे बघतच राहिली. कारखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबलोकांनी हजार शंका काढल्या होत्या. घरात कोणी तिच्या कामाची अशी बाजू घेईल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती रोज जेवताना कारखान्यातलं सगळं बापाला सांगू लागली.

एक गोष्ट मात्र लियाकतभाईंना सलायची. या कामापायी मेहविशनं अत्तर सोडलं होतं. तेल नाही, पावडर नाही, डोळ्यात सुरमा नाही. आंघोळीचा साबणसुद्धा बिनवासाचा, औषधाच्या दुकानातून आणलेला. ईदच्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याच्या कानात अत्तराचा फाया खोवणारा हा माणूस, आणि त्याची स्वतःची पोरगी कोरी. ती अत्तर लावून शेजारी बसली असती तरी त्यांना काय कळणार होतं म्हणा! पण माणसाचं मन हिशेबानं दुखत नाही.

कारखान्यात सारखं स्पिरिटनं पुसापुशी करून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. म्हणून रबरी हातमोज्यांच्या आत ती पातळ सुती मोजे घालायची. कारखान्यातल्या धुलाईच्या पावडरीनं तिला पुरळ यायची, तेव्हा हे मोजे ती घरी आणून नुसत्या उकळत्या पाण्यातून काढायची आणि गच्चीवर वाळत घालायची. घरात सक्त ताकीद होती, त्यांना कोणी हात लावायचा नाही. माजिदाबींनी तर पापड भाजायचा नवाकोरा चिमटा खास त्यासाठी आणला होता. संध्याकाळी चिमट्यानं मोजे उचलायचे, पांढऱ्या डब्यात टाकायचे, झाकण लावायचं. गल्लीतल्या बायका गच्चीवरून हा सोहळा बघून हसायच्या.

आणि मग तो बुधवार आला. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या आतलं शेवटचं काम करून ते कायमचं बंद करायचं होतं. माजिदाबी बहिणीकडे वडाळ्याला गेलेल्या, रात्री परतणार होत्या. मेहविश खालच्या खोलीत फोनवर, दिशा मॅडमशी उद्याचं बोलत होती. लियाकतभाई दुकानातून आले आणि गच्चीवर गेले तर वारा सुटलेला, आणि दोरीवरचे मोजे आता उडतात की मग, अशी गत. मेहविशला हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. चिमटा कुठं ठेवलाय ते बायकोलाच ठाऊक.

दुपारभर ते पुजाऱ्यांसाठी मोठ्या कुप्पीतून लहान शीश्यांत चंदन भरत होते. हे त्यांच्या लक्षात नव्हतं असं नाही. म्हणून तर गच्चीच्या नळावर मेहविशच्या बिनवासाच्या साबणानं त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, नखंसुद्धा घासली. मग दोन्ही तळवे नाकाशी नेले. लहानपणी अब्बांनी लावलेली सवय ती, एक अत्तर हाताळून दुसऱ्याला हात लावण्याआधी हात हुंगून बघायचे. हुंगले. वास नाही.

"साफ!" लियाकतभाई स्वतःशीच म्हणाले.

त्या एका घडीला ते साफ विसरले की त्यांना कशाचाच वास येत नाही. इतकी वर्षं क्षणभर न विसरलेलं दुःख नेमकं तेव्हाच विसरले, कारण पोरीचं काम होतं आणि वारा सुटला होता. त्यांनी मोजे काढले. एकेक बोट चिमटीत धरून सरळ केलं. तिच्या चिरा पडलेल्या बोटांना सुरकुती टोचू नये म्हणून प्रत्येकावर हळूच हात फिरवला, नीट घडी केली, डब्यात ठेवले, झाकण लावलं. खाली उतरताना त्यांना फार बरं वाटत होतं. डबा रोज अम्मीच भरायची, म्हणून सकाळी मेहविशनं काही विचारलं नाही. डबा उचलला आणि गेली.

त्यानंतरच्या सोमवारी रात्री ती जेवायला बसली आणि ताटात नुसतीच बोटं फिरवत राहिली.

"भांडं बंद केलं, पंप लावला. आतली हवा जितकी उपसली जायला हवी तितकी जातच नाहीये," ती म्हणाली. "आधी वाटलं कुठं तरी भोक असेल. सगळ्या जोडांवरून बाहेरून हेलियम सोडून बघितला. भोक असतं तर तो आत गेला असता. गेला नाही."

"मग?"

"मग आत काय उरलंय ते बघायचं यंत्र लावलं. म्हणजे एका परीनं नाकच म्हणा. त्यानं सांगितलं, आत तेल आहे."

लियाकतभाईंचा घास हातातच राहिला. "तेल?"

"पंपाचं असणार असं सगळे म्हणतात. पंप राकेश सांभाळतो. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मधली झडप उघडी टाकली आणि पंपातलं तेल वाफ होऊन मागे शिरलं, असं मालकांनी ठरवूनही टाकलं. तो शपथा घेतोय, मी बंद केली होती. पण त्याचं ऐकतंय कोण? या शनिवारपर्यंत कारण मिळालं नाही तर त्याला काढणार. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, अम्मी."

"म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर," माजिदाबी म्हणाल्या. "एवढंसं पोर ते. मागच्या ईदला घोटीहून इंद्रायणी तांदूळ घेऊन आलेलं ना, तेच?"

"तेच. आणि मला ते पंपाचं तेल वाटतच नाही. खुणा थोड्या वेगळ्या आहेत. पण पंपाचं नाही तर कशाचं, हे मला सांगता येत नाही. जड आहे. उडता उडत नाही. धातूला धरून बसलंय."

उडता उडत नाही. लियाकतभाईंनी घास ताटात ठेवला. गुलाब तासाभरात उडतो, मोगरा संध्याकाळपर्यंत. म्हणून तर प्रत्येक अत्तराखाली चंदनाची बैठक घालायची. ते कुठं जात नाही, ज्याला धरतं त्याला सोडत नाही. हे त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना अभिमानानं ऐकवलं होतं. त्यांना गच्ची आठवली, वारा आठवला आणि नाकाशी नेलेले स्वतःचे दोन तळवे आठवले.

"काय झालं?" माजिदाबींनी विचारलं.

"मिरची लागली," ते म्हणाले. भाजीत त्या दिवशी मिरची नव्हती. भोपळा होता. माजिदाबींनी नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

लियाकतभाईंचं मन दोन दिवस त्यांना खात राहिलं. मेहविशला म्हणावं, मी मोज्यांना हात लावला होता, एवढंच? ती विचारेल, अब्बा, हाताला वास होता हे तुम्हाला, तुम्हाला कळलं नाही? मग काय सांगायचं? ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. पुढे ते कारखान्यात जाणार, तिथून चहाच्या टपरीवर, आणि टपरीवर गेलेली गोष्ट दूधबाजारात यायला किती वेळ? अब्बांच्या काळापासूनचं दुकान. अत्तर विकणाऱ्याचं नाक गेलं, लोक हसून हसून लोळतील. आणि गप्प बसलं तर? तर कोणाला काही कळणार नव्हतं. राकेशच्या बायकोचा सातवा महिना तेवढा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

गुरुवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. चंदनाची एक लहान शीशी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि रिक्षानं अंबड गाठलं.

कारखान्याच्या फाटकासमोर टपरीवर राकेश बसला होता. त्यांना बघून तो उठला. "चाचा! तुम्ही इकडं? मेहविश मॅडमला बोलवू का? आधी बसा, चहा घ्या. तुम्ही दमल्यावानी दिसता."

पोराची स्वतःची नोकरी टांगणीला लागलेली आणि याला चाचांच्या दमण्याची काळजी. लियाकतभाईंनी पेला नुसताच हातात धरला. "राकेश, खरं सांग. झडप बंद केली होतीस?"

"आईच्यान चाचा, केली होती. पण आता मलाच वाटाया लागलंय, विसरलो का काय. सगळेच म्हणत्यात तर माझंच चुकलं असंल." त्यानं मान खाली घातली. "घरी नाय सांगितलं अजून. तिला ह्या दिवसात कशाला घोर लावायचा?"

"तुझं काही चुकलेलं नाही," लियाकतभाई म्हणाले आणि पेला तसाच ठेवून उठले. "चल, मला तुझ्या मोठ्या मॅडमकडे ने."

दिशा मॅडमच्या खोलीत मेहविशही होती, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दोघी वाकलेल्या. अब्बांना दारात बघून ती घाबरलीच. "अम्मीला काही झालं का?"

"कोणाला काही झालेलं नाही. बस." मग ते दिशा मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमच्या भांड्यात तेल शिरलंय ते या पोराच्या पंपाचं नाही. ते माझं आहे." त्यांनी रुमाल सोडून शीशी टेबलावर ठेवली, आणि गच्चीवरची सगळी गोष्ट सांगितली. वारा, साबण, मोजे, घडी.

मेहविशनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "मोजे अम्मीनं नव्हते ठेवले? ते घातलेल्या बोटांनीच मी रबरी मोजे वर ओढले, आणि तेच हात आत फिरले."

दिशा मॅडमनी शीशी उचलली, बूच काढलं आणि डोळे मिटले. लियाकतभाईंना सवयीनं कळलं, ही बाई चंदनाची. "पण काका," त्या म्हणाल्या, "हा वास तर इथवर येतोय. हाताला एवढा वास राहिला असताना तुमच्यासारख्या माणसाला तो कळला नाही, हे कसं?"

आलीच ती वेळ. लियाकतभाईंनी मुलीकडे न बघता खिडकीकडे बघितलं.

"मला वास येत नाही. करोनापासून. कशाचाच नाही."

दाराशी उभ्या राकेशनं आपली टोपी काढून हातात घेतली.

"त्या दिवशी मी हात हुंगले," लियाकतभाई पुढे म्हणाले, "वास आला नाही, तर मला वाटलं हात स्वच्छ आहेत. म्हातारा झालो मॅडम. जे नाही तेच विसरलो."

मेहविश उठली. ती रागावेल, रडेल, काय करेल याचा अंदाज त्यांना येईना. ती त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन तिनं हुंगले. "मलाही कळलं नाही, अब्बा," ती म्हणाली. "मोजे तोंडाशी होते माझ्या. मास्क होता, पण मास्क नसता तरी कळलं नसतं. मी या वासातच जन्मले. मला तो वास वाटतच नाही, घर वाटतं." मग मात्र तिला रडू फुटलं. "इतकी वर्षं एकट्यानं? मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तुझं काम मोठं चाललं होतं, बेटा."

"चुलीत गेलं माझं काम!" ती ओरडली, आणि दिशा मॅडमनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

एका लहान डब्यात दोऱ्याला थेंबभर चंदन लावून तेच यंत्र त्याच्यावर लावलं, तेव्हा संध्याकाळपर्यंत खुणेला खूण जुळली. मालकांनी राकेशला बोलावून स्वतः चहा पाजला. माफी मागितली की नाही ते काही कळलं नाही, पण नोकरी राहिली. मोजे घरी नेऊन धुतले ही चूक मेहविशनं आपल्या नावावर लावून घेतली आणि बोलणी खाल्ली.

घरी सांगायचं उरलं होतं. लियाकतभाई दोनदा पाणी प्यायले आणि म्हणाले, "माजिदा, तुला एक सांगायचंय."

"नाकाचं ना?" माजिदाबी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

बापलेकीनं एकमेकांकडे बघितलं.

"दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला होता, घर धुरानं भरलं होतं, आणि हे शेजारी बसून पेपर वाचताहेत. तेव्हाच कळलं मला. पुढच्या आठवड्यात त्या निफाडच्या नवरीला मोगरा म्हणून केवडा बांधून देत होते. मीच बोलत बोलत शीशी बदलली. म्हणून तर दुकानात येऊन बसते. गुडघे काय, ते घरीही दुखतात आणि तिथंही."

"मग बोलली का नाहीस?" लियाकतभाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," माजिदाबी म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही मूठ झाकलीत. मी वरून पदर घातला."

भांडं पुन्हा उघडून पुसलं. पण धातूत मुरलेलं चंदन पुसून जात नाही. त्याला तापवून बाहेर काढावं लागतं. सगळ्या भांड्याला तापणारे पट्टे गुंडाळले, वरून चंदेरी कागद, आणि पंप लावून रात्रंदिवस ते शेकत ठेवलं. दिशा मॅडम म्हणाल्या, "तीस वर्षांत आणखी महिनाभर. चालायचंच." मेहविश रोज यंत्रापुढे जाऊन बसायची. आज उतरलं का? आज नाही. उद्या बघू. तिथं सगळ्यांची भाषा तीच होती, आणि त्यात कोणाला निराश झाल्यासारखं वाटत नव्हतं.

तीच भाषा ती घरी घेऊन आली. डॉक्टरांना विचारून आली होती की गेलेला वास कधी कधी परत येतो, पण त्याला रोज बोलवावं लागतं. तेव्हा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती आणि माजिदाबी लियाकतभाईंना समोर बसवून चार शीश्या एकामागून एक नाकाशी धरायच्या. गुलाब, लवंग, लिंबू, शेवटी चंदन. डोळे मिटून आठवायचं, हुंगायचं, पुन्हा आठवायचं.

"आज?" मेहविश विचारायची.

"आज नाही."

"उद्या बघू," ती म्हणायची, बूच लावायची आणि कामाला जायची. बाजारात गोष्ट फुटली ती फुटलीच. चार लोक हसले. मग पंचवटीचे ते दोन पुजारी नेहमीसारखे आले, चंदन घेतलं आणि जाताना त्यातला एक म्हणाला, "लियाकतभाई, तुमचं नाक गेलं असेल, हात गेला नाही."

भांडं गुजरातेतल्या त्या प्रयोगशाळेकडे निघालं त्या दिवशी मेहविशनं अम्मी-अब्बांना बोलावलं. लियाकतभाई मात्र फाटकाच्या आत यायला तयार होईनात. रस्त्याच्या पलीकडे, तेही वारा आपल्याकडे येईल अशी बाजू धरून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "काका, आता ते चांगलं बंद केलंय," दिशा मॅडमनी फाटकातून ओरडून सांगितलं. "असू द्या मॅडम," इकडून लियाकतभाईंनी ओरडून सांगितलं, "मी इथंच बरा." ताडपत्री बांधलेला ट्रक हळूच बाहेर पडला. बापाला मुलगी सासरी जाताना जसं होतं तसं त्यांना झालं, आणि त्यांनी रुमालानं डोळे टिपले.

ट्रक वळला तेव्हा मेहविश रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आली. तिनं मोबाईल पुढे धरला. पडद्यावर एक निळी रेघ होती. डावीकडे उंच, मग उतरत, उतरत गेलेली, आणि शेवटी अगदी तळाशी जाऊन निजलेली.

"हे काय आहे?"

"हे तुमचं चंदन, अब्बा. तापवायला सुरुवात केली तेव्हा ते इतकं होतं. मग रोज थोडं थोडं निघून गेलं. हे सगळं त्या यंत्रानं हुंगून काढलंय."

लियाकतभाईंनी चष्मा वर केला, खाली केला. इतकी वर्षं ज्याच्यासोबत राहून ज्याची गाठ पडली नव्हती, ते असं डोळ्यांपुढे आलं होतं. त्यांनी रेघेच्या उंच टोकावर बोट ठेवलं आणि उतारावरून हळूहळू फिरवत तळापर्यंत आणलं.

"इथं संपलं?"

"संपत नाही," मेहविश म्हणाली. "यंत्राला दिसेनासं होतं, एवढंच. कणभर कुठं तरी राहिलंच असेल. गेलं ते सूर्याबरोबर."

"तीस वर्षांनी पेटेल तेव्हा मी नसेन."

"लावणारा एक असतो ना, अब्बा."

त्यांनी पडद्यावरून बोट उचललं. आणि सवयीनं, लहानपणी अब्बांनी लावलेल्या सवयीनं, ते नाकाशी नेलं. डोळे मिटले. मेहविशनं श्वास रोखला. समोरून एक टेम्पो गेला, टपरीवर राकेशनं चहाचा पेला खाली ठेवला, माजिदाबी फाटकात थांबून बघत राहिल्या.

"आज?" तिनं विचारलं.

"आज नाही," लियाकतभाई म्हणाले, आणि हसले. "उद्या बघू."